पडद्यावरचा अरब आणि पडद्यावरचे आपण

अरब हा शब्द परभणी जिल्ह्याला परका नाही. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत आपला मुलूख निजामाच्या राज्यात होता आणि निजामाच्या पदरी अरबांच्या पलटणी होत्या. येमेनमधल्या हदरामौत भागातून आलेल्या त्या शिपायांचे वंशज आजही हैदराबादच्या बारकस वस्तीत राहतात. बारकस म्हणजे बराक्स, शिपायांची राहण्याची जागा. मराठवाड्यातल्या म्हाताऱ्या माणसांच्या बोलण्यात ‘अरब-रोहिले’ हा जोडशब्द अजूनही येतो, आणि तो आला की गढीच्या दाराशी बसलेला, वसुलीला निघालेला, कमरेला जंबिया खोचलेला माणूस डोळ्यांपुढे उभा राहतो. पुढच्या पिढीचा अरब निराळा. गल्लीतला कुणी दुबईला, कुणी सौदीला गवंडीकामाला किंवा ड्रायव्हरकीला गेला, त्याचा तिथला मालक तो अरब. आणि या दोन पिढ्यांच्या मधल्या लोकांना अरब भेटला तो ना गढीवर ना दुबईत. तो भेटला हॉलिवूडच्या पडद्यावर.

बंधू-भगिनींनो, तुम्ही म्हणाल, धम्माच्या साप्ताहिकात, तेही कुटुंबाच्या पानावर, हा सिनेमाचा विषय कशाला? विषय आपलाच आहे. ज्याला विचारल्यावाचून त्याचे चित्र दुसरा काढतो आणि तेच चित्र जगभर फिरवतो, त्या माणसाचे दुखणे आपल्याला समजावून सांगावे लागत नाही.

१९९४ साली ‘ज्युरासिक पार्क’ हिंदी बोलू लागला आणि इंग्रजी चित्रपट खेड्यापाड्यांत पोचले. त्याआधी ते शहरातल्या टॉकीजमध्ये सकाळच्या खेळाला लागत आणि कॉलेजची पोरे तेवढी पाहत. मग भाड्याचा व्हिडिओ, मग केबल. त्याच १९९४ साली जेम्स कॅमेरूनचा ‘ट्रू लाइज’ आला. हे तेच कॅमेरून, ज्यांच्या ‘टायटॅनिक’ने पुढे सगळ्यांना रडवले. ‘ट्रू लाइज’मध्ये आर्नॉल्ड श्वार्झनेगर हा अमेरिकेचा गुप्तहेर आणि समोर अरब अतिरेक्यांची टोळी. त्यात एक प्रसंग आहे. नायकाच्या बायकोच्या हातून मशीनगन निसटते, जिन्यावरून घरंगळत जाते आणि आपोआप सुटणाऱ्या गोळ्यांनी समोरचे अरब पटापट पडतात. प्रेक्षक हसतात. माणसे मरताना हसू यावे अशीच ती सोय केलेली आहे. दुसरा प्रसंग आम्हाला त्याहून बोलका वाटतो. टोळीचा म्होरक्या व्हिडिओ कॅमेऱ्यापुढे उभा राहून आपले म्हणणे मांडू लागतो आणि नेमकी कॅमेऱ्याची बॅटरी संपते. पुन्हा हशा. अरबाने आपली बाजू सांगायला तोंड उघडले की यंत्रच बंद पडते! अमेरिकेतल्या अरब संघटनांनी त्या वेळी या चित्रपटाविरुद्ध निदर्शने केली होती. आपल्याकडे त्याची बातमीही आली नाही.

जॅक शाहीन नावाचे एक अमेरिकन प्राध्यापक होते, घराणे मूळचे लेबनॉनचे. त्यांनी आयुष्याची कित्येक वर्षे एकाच कामाला दिली: हॉलिवूडने अरब माणूस कसा दाखवला ते एकेक चित्रपट पाहून लिहून काढायचे. २००१ साली त्यांचे ‘रील बॅड अरब्ज’ हे पुस्तक निघाले. ९०० हून अधिक चित्रपटांची त्यात नोंद आहे, आणि त्यांतले ज्यांत अरब चांगला माणूस म्हणून दिसतो ते भरले जेमतेम डझनभर. बाकी बहुतेक ठिकाणी तो लुटारू, बायकांचा लोभी शेख, नाहीतर बॉम्ब घेऊन फिरणारा. शाहीन २०१७ मध्ये वारले. असले काम कुणीतरी आपल्या हिंदी-मराठी चित्रपटांवर करायला हवे होते. महार, मांग, चांभार, वडार, पारधी ही माणसे पडद्यावर किती वेळा आली, आली तेव्हा त्यांच्या हातात काय दिले होते आणि त्यांना नाव तरी दिले होते का, याची वही.

लेकरांचे चित्रपटही यातून सुटलेले नाहीत. डिस्नेचा ‘अलादीन’ १९९२ चा. त्याच्या पहिल्याच गाण्यात अरबांच्या देशात कान कापतात अशा अर्थाची ओळ होती. अरब-अमेरिकन संघटनेने आक्षेप घेतल्यावर १९९३ च्या व्हिडिओत ती बदलली, पण त्याच गाण्यातला ‘रानटी’ हा शब्द तसाच ठेवला. आणि एक गंमत पाहा. अलादीन आणि राजकन्या दोघेही उजळ, दोघेही अमेरिकन वळणाचे इंग्रजी बोलतात. बाजारातले शिपाई आणि चोर तेवढे काळपट आणि अडखळत बोलणारे. रंगावरून चांगला-वाईट ओळखायची ही शिकवण लेकराला वयाच्या पाचव्या वर्षी मिळते. आपल्या घरातल्या सावळ्या मुलीला ती वेगळी समजावून सांगावी लागत नाही, ती आरशापुढे उभी राहून स्वतःच हिशेब करते.

हॉलिवूडची ही सवय अरबांपासून सुरू झालेली नाही. तिचा पहिला बळी अमेरिकेतला काळा माणूस होता, आणि तो इतिहास बाबासाहेबांच्या विद्यार्थीदशेशी भिडलेला आहे. बाबासाहेब १९१३ च्या जुलैमध्ये न्यूयॉर्कला पोचले आणि १९१६ पर्यंत तिथे कोलंबिया विद्यापीठात शिकले. ते तिथे असतानाच, मार्च १९१५ मध्ये, त्याच न्यूयॉर्क शहरात डी. डब्ल्यू. ग्रिफिथचा ‘द बर्थ ऑफ अ नेशन’ लागला. तीन तासांचा मूकपट. त्यातले मुख्य काळे लोक म्हणजे तोंडाला काळे फासलेले गोरे नट. काळा माणूस गोऱ्या बायकांच्या मागे लागणारा पशू, आणि त्याला ठार मारणारी कू क्लक्स क्लॅन ही देश वाचवणारी सेना, असे ते कथानक. अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांच्या निवासस्थानी त्याचा खेळ झाला. बंद पडलेली क्लॅन त्याच वर्षी पुन्हा उभी राहिली. काळ्यांच्या एनएएसीपी या संघटनेने शहरोशहरी विरोध केला आणि त्या संघटनेचे मुखपत्र चालवत होते डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस. याच ड्यू बॉइसना बाबासाहेबांनी १९४६ साली पत्र लिहून काळ्यांनी संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या अर्जाच्या प्रती मागवल्या, हे आपल्यापैकी पुष्कळांना ठाऊक असेल. काळ्यांनी नुसता निषेध केला नाही. ऑस्कर मिशो या काळ्या दिग्दर्शकाने १९२० मध्ये ‘विदिन अवर गेट्स’ काढला, त्यात काळी शिक्षिका शाळेसाठी पैसे गोळा करत फिरते आणि लिंचिंग करणारा कोण हेही स्वच्छ दिसते. कॅमेरा हातात घेतल्याशिवाय उत्तर पुरे होत नाही, हे त्यांना तेव्हाच कळले होते.

आपले काय झाले? १९८२ साली रिचर्ड अ‍ॅटनबरो यांचा ‘गांधी’ आला, त्याला ८ ऑस्कर मिळाले. तीन तासांहून मोठा चित्रपट. त्यात नेहरू आहेत, पटेल आहेत, जीना आहेत, आझाद आहेत. बाबासाहेब नाहीत. ओझरतेही नाहीत. जगातल्या ज्या माणसाने भारताचा इतिहास एवढाच पाहिला, त्याच्या लेखी हा माणूस जन्मालाच आला नाही. त्या चित्रपटात आपल्या सरकारच्या एनएफडीसीचाही पैसा होता. पुढे त्याच एनएफडीसीच्या मदतीने डॉ. जब्बार पटेल यांनी ‘डॉ. बाबासाहेब आंबेडकर’ काढला, मामुट्टी यांना त्यासाठी राष्ट्रीय पारितोषिक मिळाले, आणि चित्रपट २००० साली बाहेर आला. मूळ इंग्रजी, म्हणून आपल्या माणसांना कळावा तसा कळला नाही. पण १४ एप्रिलच्या आदल्या रात्री जिथे जिथे पांढरा पडदा बांधला गेला, तिथे सोनाली कुलकर्णींच्या रमाईला पाहून बायांनी पदर डोळ्यांना लावले, हे आम्ही एकापेक्षा जास्त गावांत पाहिले आहे.

अमेरिकेतल्या मोठ्या चित्रपटात बाबासाहेब दिसायला मात्र २०२३ साल उजाडले. एव्हा डुव्हर्ने या काळ्या दिग्दर्शिकेचा ‘ओरिजिन’. इझाबेल विल्करसन यांच्या ‘कास्ट’ या २०२० च्या पुस्तकावर तो बेतलेला आहे. अमेरिकेतला वंशभेद, हिटलरची जर्मनी आणि भारतातली जात एकाच कुळीच्या आहेत, हे त्या लेखिकेला कसे उमगत गेले त्याची ती कथा. शाळेतला लहानगा भीमराव त्यात आहे आणि मोठेपणचे बाबासाहेबही आहेत. ती भूमिका डॉ. गौरव पठानिया या समाजशास्त्राच्या अभ्यासकाने केली. आपल्या शेजारच्या नांदेडचे डॉ. सूरज येंगडे त्यात स्वतःच्याच नावाने वावरतात. व्हेनिसच्या स्पर्धेत आफ्रिकन-अमेरिकन स्त्रीचा चित्रपट प्रथमच गेला तो हाच. ऑस्करच्या यादीत मात्र त्याला एकाही विभागात जागा मिळाली नाही. आमचे मत विचाराल तर चित्रपट थोडा भाषणासारखा झाला आहे, आणि बाबासाहेब त्यात दाखल्यापुरते येतात. तरीही वर्गाबाहेर बसलेला तो मुलगा अमेरिकेतल्या प्रेक्षकाने पाहिला, हे लहान काम नव्हे.

आता अरबांकडे वळू, कारण त्यांनीही आपला कॅमेरा आपल्या हाती घेतला आहे आणि गेल्या पंधरा-वीस वर्षांतले त्यांचे चित्रपट पाहण्यासारखे आहेत. आमच्या विहारात दर महिन्याला एका रविवारी संध्याकाळी वंदना झाल्यावर आम्ही काही जण मिळून पडदा लावतो. प्रोजेक्टर मागून आणतो. हे चित्रपट अरबीत, खाली इंग्रजी ओळी. बी.ए.ला इंग्रजी घेतलेली एक मुलगी त्या ओळी वाचून चटकन मराठीत सांगते, तेही आपल्या परभणीच्या मराठीत, त्यामुळे रियाधच्या बायका ‘काय की बाई’ म्हणू लागतात आणि कुणाला त्यात वावगे वाटत नाही.

सगळ्यांत आवडला तो ‘वजदा’. २०१२ चा, दिग्दर्शिका हैफा अल-मन्सूर. संपूर्णपणे सौदी अरेबियात चित्रित झालेला हा पहिला मोठा चित्रपट आणि सौदी स्त्रीने केलेलाही पहिलाच. रियाधच्या रस्त्यावर पुरुषांबरोबर उभे राहून बाईने काम करणे त्या वेळी चालत नव्हते, म्हणून ही बाई बंद गाडीत बसून वॉकीटॉकीवरून सूचना देत होती. गोष्ट एवढीशी आहे. वजदा नावाच्या दहा-अकरा वर्षांच्या मुलीला दुकानातली हिरवी सायकल हवी आहे. मुलीने सायकल चालवू नये असा रिवाज. आई घेऊन देत नाही. मग पोरगी शाळेतल्या कुराणपठणाच्या स्पर्धेत उतरते, कारण तिला रोख बक्षीस आहे. ती जिंकते. पैशाचे काय करणार, असे विचारल्यावर खरे सांगते, आणि मुख्याध्यापिका ते पैसे परस्पर पॅलेस्टाइनच्या मदतीला देऊन टाकते. पुढचे आम्ही इथे सांगत नाही.

पण सायकलीपेक्षा दुसऱ्याच एका गोष्टीने आमच्या बाया गप्प झाल्या. वजदाच्या घरात वडिलांच्या कुळाचा वंशवृक्ष भिंतीवर टांगलेला आहे. त्यात फक्त पुरुषांची नावे. पोरगी एका चिठ्ठीवर आपले नाव लिहून केसातल्या पिनेने ते बापाच्या नावाखाली टाचते. दुसऱ्या दिवशी चिठ्ठी काढून टाकलेली असते. आणि बाप मुलगा हवा म्हणून दुसरे लग्न करायला निघाला आहे. खेळ संपल्यावर एक मावशी म्हणाल्या, “हे अरबस्तानातलं कशाचं, आमच्या सासरचंच हाय.” बुद्ध धम्म घेतल्याला ७० वर्षे होत आली तरी मुलगी झाल्यावर पेढ्यांऐवजी बर्फी वाटणारी घरे आपल्यात आहेत, हे त्या मावशींनी न सांगता सांगितले. सायकलीपुरते म्हणाल तर आपल्या मुली पुढे आहेत. मानव विकास कार्यक्रमातून सायकली मिळालेल्या पोरींच्या रांगा सकाळी गावोगावच्या रस्त्यांवर दिसतात.

एक गोष्ट जाता जाता. सौदीत सुमारे ३५ वर्षे सिनेमागृहे बंद होती. ती उघडली १८ एप्रिल २०१८ रोजी, आणि पहिला खेळ लागला तो हॉलिवूडच्या ‘ब्लॅक पँथर’चा. ज्या नावावरून आपल्या पोरांनी १९७२ साली दलित पँथर काढली, त्या नावाचा पडदा रियाधमध्ये पहिला उघडला! हा नुसता योगायोग, पण आम्हाला तो फार आवडतो.

‘द इन्सल्ट’ हा झियाद दुएरी यांचा २०१७ चा लेबनॉनी चित्रपट आमच्याकडे सर्वांत जास्त भांडणे लावून गेला. बैरूतमधल्या एका ख्रिस्ती मोटार मेकॅनिकच्या गच्चीची पन्हळ रस्त्यावर गळते. दुरुस्तीच्या कामावरचा मुकादम पॅलेस्टिनी निर्वासित. तो ती नीट करून देतो, मेकॅनिक ती फोडून टाकतो. मुकादमाच्या तोंडून शिवी जाते. हा म्हणतो माफी माग. माफी मागायला आलेल्या मुकादमाला मेकॅनिक असे काही बोलतो, की एका ठोशात त्याच्या दोन बरगड्या मोडतात. प्रकरण कोर्टात, कोर्टातून रस्त्यावर, रस्त्यावरून सगळ्या देशात. मुकादमाचे काम करणारे कामेल अल-बाशा यांना व्हेनिसला उत्कृष्ट नटाचा मान मिळाला, आणि तो त्यांच्या चेहऱ्याला मिळाला असे म्हणायला हवे, कारण ते बोलतात फार थोडे.

सांडपाण्यावरून पेटलेली भांडणे आपल्या जिल्ह्याला नवी नाहीत. नालीचे पाणी कुणाच्या दारावरून जायचे यावरून कोयते निघालेले आम्ही पाहिले आहेत. म्हणून सगळे सरसावून बसले होते. पण इथे आमचे चित्रपटाशी जुळले नाही. दिग्दर्शक दोघांच्याही जखमा दाखवतो. मेकॅनिकचेही गाव १९७६ च्या कत्तलीत उद्ध्वस्त झालेले आहे, तेव्हा दोघेही दुखावलेले, दोघांनीही समजून घ्यावे, असा सूर निघतो. गावातल्या भांडणात पोलीस पाटलापासून आमदारापर्यंत सगळे हेच आपल्याला सांगतात: दोघांचेही चुकले, मिटवून घ्या. अ‍ॅट्रॉसिटीचा कायदा १९८९ चा, पण त्याखाली फिर्याद द्यायला निघालेल्या माणसाला ठाण्याच्या पायरीवर पहिला शब्द ऐकू येतो तो ‘तडजोड’. सुतार गल्लीतल्या दोन शेजाऱ्यांचे भांडण आणि गाव विरुद्ध वस्ती हे भांडण एक नव्हे. तरुण पोरांनी आमच्याशी वाद घातला की चित्रपटात न्यायाधीश निकाल बरोबर देतात. देतात खरे. पण आमचे समाधान झाले नाही, आणि पोरांचेही आमच्या बोलण्याने झाले नाही.

नादीन लबाकी यांचा ‘कपरनॉम’, २०१८ चा, कानच्या महोत्सवात ज्युरी पारितोषिक मिळालेला. बैरूतच्या झोपडपट्टीतला झैन हा बारा वर्षांचा असावा असा मुलगा. ‘असावा’ असेच म्हणायचे, कारण त्याचा जन्मदाखला नाही. डॉक्टर दातांवरून वय ठरवतात. पोराने आईबापांवर दावा लावला आहे, मला जन्म दिला म्हणून. त्याची अकरा वर्षांची बहीण लग्न लावून दिली जाते आणि बाळंतपणाआधीच मरते. हे काम करणारा झैन अल रफीआ हा खराच सीरियातून पळून आलेला निर्वासित मुलगा होता, आणि चित्रपटानंतर त्याच्या कुटुंबाला नॉर्वेत आसरा मिळाला. झैन घरून पळतो आणि इथिओपियातून आलेल्या मोलकरणीच्या तान्ह्या बाळाला भांड्यांच्या गाडीवर बसवून शहरभर ओढतो. या प्रसंगाला विहारात कुणी हूं की चूं केले नाही.

गंगाखेड, सोनपेठ, पाथरी, मानवत या भागांतून दिवाळीनंतर ऊसतोडीला निघणाऱ्या टोळ्यांतली लेकरे ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना झैन ओळखीचा वाटेल. फडावर जन्मलेले मूल, त्याची नोंद कुठल्या ग्रामपंचायतीत? आणि पोरगी एकटी कोपीवर ठेवायची भीती म्हणून तेराव्या-चौदाव्या वर्षी उरकलेले लग्न. कागदाचे तर विचारूच नका. आपल्याला जातीचा दाखला काढायचा तर १० ऑगस्ट १९५० च्या आधीचा वास्तव्याचा पुरावा लागतो, विमुक्त-भटक्यांना २१ नोव्हेंबर १९६१ चा. ज्यांचे आजोबा गाढवावर बिऱ्हाड घालून फिरत होते, त्यांनी तो कुठून आणायचा? धम्म घेतल्यावर केंद्राच्या सवलती गेल्या, त्या परत मिळायला १९९० साल उजाडले. तोवर आपलीही कितीतरी मुले कागदावर धड इकडची ना तिकडची होती. चित्रपटाचा शेवट ओळखपत्रासाठी फोटो काढताना होतो. तहसीलच्या आवारात फोटोच्या रांगेत उभ्या राहिलेल्या माणसाला त्या हसण्याची किंमत कळते.

अरबी सिनेमा म्हणजे सगळा सद्गुणांचा पुतळा असेही नाही. इजिप्तचा सिनेमा जुना आणि मोठा, युसूफ शाहीन यांच्यासारखा दिग्दर्शक त्याने दिला. पण त्याच इजिप्तच्या विनोदी चित्रपटांत तोंडाला काळे फासून सुदानी, न्यूबियन लोकांची टर उडवलेली आहे. हॉलिवूडने जे अरबांना केले ते अरबांनी आपल्याहून काळ्याला केले. उतरंड कशी चालते हे आपल्याला बाबासाहेबांनी शिकवले आहे, तेव्हा नवल वाटायला नको. दुसरे, यांतल्या पुष्कळ चित्रपटांना पैसा युरोपातून येतो आणि कौतुकही तिथूनच. युरोपच्या प्रेक्षकाला रडवणारे गरीब पोर दाखवायचे, की आपल्या माणसाशी बोलायचे, हा पेच त्यांच्यापुढे आहे. नागराज मंजुळे यांना हा पेच पडला नाही, असे आम्हाला वाटते. ‘फँड्री’ महोत्सवांत गेला, पण तो बोलतो जेऊर-करमाळ्याच्या माणसाशी.

‘फँड्री’चा जब्या शेवटी दगड भिरकावतो आणि तो थेट कॅमेऱ्यावर येतो, म्हणजे आपल्यावर. दगडावरून बोलायचे तर परभणीविषयी बोलावेच लागेल. १० डिसेंबर २०२४ रोजी परभणीत रेल्वे स्टेशनजवळ बाबासाहेबांच्या पुतळ्यासमोरच्या संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली. दुसऱ्या दिवशी बंद. दूरचित्रवाणीवर काय दिसले? फुटलेल्या काचा, जळालेले सामान, दगड घेतलेले हात. तीच तीच दृश्ये दिवसभर. हॉलिवूडच्या चित्रपटात अरबांचा जमाव असाच दिसतो, चेहरा नसलेला, नुसता ओरडणारा. त्याच दिवसांत वस्त्यांमध्ये पोलीस शिरले, धरपकड झाली, आणि कायद्याचे शिक्षण घेणारा, वडार समाजातला ३५ वर्षांचा सोमनाथ सूर्यवंशी १५ डिसेंबरला न्यायालयीन कोठडीत असताना मरण पावला. शवविच्छेदनात अंगावर अनेक जखमा निघाल्या. जुलै २०२५ मध्ये उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने पोलिसांवर गुन्हा नोंदवण्याचा आदेश दिला आणि सर्वोच्च न्यायालयाने तो त्याच महिन्यात कायम ठेवला. वस्तीत काय घडले याची दृश्ये लोकांनी आपल्याच मोबाईलवर काढली होती. ती मोठ्या पडद्यावर उशिरा आली, पण आली.

पॅलेस्टाइनमधल्या बिलिन गावचा इमाद बुर्नात हा शेतकरी. २००५ साली चौथा मुलगा झाला, त्याचे बालपण टिपायला याने कॅमेरा घेतला. त्याच सुमारास गावच्या शेतातून इस्रायलने भिंत घालायला घेतली. पोराचे रांगणे, पोराचे पहिले शब्द आणि गावाचा सत्याग्रह, सगळे एकाच कॅमेऱ्यात येत गेले. कॅमेरा फुटला, दुसरा घेतला. असे पाच. एका कॅमेऱ्यात गोळी रुतली, म्हणून डोके वाचले. ‘फाइव्ह ब्रोकन कॅमेराज’, २०११, गाय दाविदी या इस्रायली जोडीदाराबरोबर केलेला. ‘ट्रू लाइज’मधली ती संपलेली बॅटरी इथे कुणाला आठवली तर नवल नाही. आपल्याकडे आनंद पटवर्धन यांनी रमाबाई नगरच्या ११ जुलै १९९७ च्या गोळीबारापासून सुरुवात करून १४ वर्षे चित्रण केले, तेव्हा ‘जय भीम कॉम्रेड’ उभा राहिला, तोही २०११ चाच. दोन्ही एकापाठोपाठ पाहावेत.

घरच्यांसाठी थोडे सांगतो. लेकरांना घेऊन बसायचे तर ‘वजदा’ आठ वर्षांपुढे चालेल. ‘कपरनॉम’ आणि ‘फाइव्ह ब्रोकन कॅमेराज’ मोठ्यांनी आधी पाहून मग ठरवावे. पहिल्यात बहिणीचा मृत्यू आहे, दुसऱ्यात खरा गोळीबार आहे. वेळ कमी असेल तर फराह नाबुलसी यांचा ‘द प्रेझेंट’ पाहा, २०२० चा, फक्त २४ मिनिटांचा. लग्नाच्या वाढदिवसाला बायकोसाठी फ्रीज आणायला बाप आणि छोटी मुलगी निघतात. वाटेत सैन्याची चौकी. घर चौकीच्या पलीकडे, हाकेच्या अंतरावर, आणि फ्रीज काही त्या फाटकातून जात नाही. बाप पोरीदेखत किती खाली वाकतो आणि मग पोरगी काय करते, एवढीच गोष्ट. आमच्याकडे तो लागोपाठ दोनदा लावावा लागला, कारण पहिल्या खेपेला मागे बसलेल्या बायांचे निम्मे लक्ष फ्रीज केवढ्याचा, रोखीने घेतला की हप्त्याने, यातच गेले. पुढच्या महिन्यात ‘फँड्री’ आणि त्याला जोडून ‘द प्रेझेंट’ पुन्हा आहे. स्पीकर एकच आहे, तेव्हा कानाने अधू असलेल्या मंडळींनी पुढे बसावे, आणि सतरंजी ज्याची त्याने आणावी.